खालून पाहिलेली तीन गावं

यवतमाळ शहर व जिल्ह्यातील तमाम प्रवासी जनतेस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, ज्यांच्या हातून उभ्या आयुष्यात एकही गाडी चुकली नाही, ते आमचे एके काळचे घरमालक भूमध्य समुद्राकडची डोंगरी गावं बघायला इटलीला जाऊन आले. पैकी तीन गावं त्यांनी खालून पाहिली. चौथ्या गावी जे घडलं त्याची चौकशी अद्याप चालू आहे. चौकशी अधिकारी मीच आहे, साक्षीदारही मीच. आरोपींच्या यादीत माझं नाव घालायलाही हरकत नाही, कारण त्या दिवशी गाडीत मीही मुकाट बसून होतो.

गृहस्थ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. लोक त्यांना कंट्रोलर म्हणत, मी काका म्हणायचो. स्टँडवरच्या जाळीच्या खोलीत माइकसमोर बसून ते गाड्या पुकारत. आवाज असा, की ‘ढाणकीला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे’ म्हणाले की ज्यांना ढाणकीला जायचं नाही तेही उठून उभे राहत. मी स्वतः एकदा पिशवी उचलून निघालो होतो. मला जायचं होतं बाभुळगावला.

बाभुळगावच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी काकांच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. शाळा साडेदहाची, रस्ता पाऊण तासाचा. पहिल्याच दिवशी सकाळी साडेसहाला दार वाजलं. काका अंघोळ करून, कपाळाला गंध लावून उभे.

“काहून मास्तर, अजून घरातच?”

मी पांघरुणातून म्हटलं, शाळा साडेदहाला आहे. ते म्हणाले, शाळेचं तुम्ही पाहा, मी गाडीचं सांगून राह्यलो. त्या दिवसापासून चार वर्षं मी शिपायाच्या आधी शाळेत पोचत होतो. पायरीवर बसून डबा खायचो आणि कुलूप उघडायची वाट बघायचो. मुख्याध्यापकांनी माझ्या निष्ठेचा सत्कार केला. शाल काकांना द्यायला हवी होती.

घरात तीन घड्याळं होती आणि तिन्ही पुढे. स्वयंपाकघरातलं पंधरा मिनिटं, बैठकीतलं वीस, आणि देवघरातलं किती ते देवालाच ठाऊक. खरी वेळ फक्त काकूंना माहीत असे. त्यांच्या मनगटावर माहेरून आलेलं छोटं घड्याळ होतं आणि त्याला त्या काकांना हात लावू देत नसत. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी नवऱ्याला नाकारलेली ही एकच गोष्ट, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

माझ्या लग्नाला काका पुसदला इतके लवकर आले की मंगल कार्यालयात आमच्या आधीचं लग्न अजून आटोपायचं होतं. त्यांनी पहिल्या रांगेत बसून अक्षता टाकल्या, स्टीलचा मोठा डबा नवऱ्या मुलाच्या हातात दिला, त्याला आशीर्वाद दिला आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डबा परत मागणं शोभलं नसतं. पुसद तालुक्यात कुठल्या तरी घरी त्यात अजून तुरीची डाळ असेल.

हसू नका. म्हणजे हसा, पण थोडं थांबून. एकदा मी त्यांना विचारलं होतं की इतकी घाई कशासाठी. त्या दिवशी ते नुकतेच ड्युटीवरून आले होते, बूट काढत होते. म्हणाले, “मास्तर, तुम्ही गाडीत बसलेले लोक पाह्यता. मी तीस वर्षं मागं धावणारे पाहून राह्यलो. पोरगं काखेत, पिशवी फाटलेली. त्याइचं तोंड पाहा कधी.” मग बूट कोपऱ्यात नीट, टाचा भिंतीला लावून ठेवले. पुन्हा हा विषय आमच्यात निघाला नाही.

पण या सगळ्याचा हिशेब काकूंच्या वाट्याला आला. माहूरला गेल्या तर अर्ध्या पायऱ्यांवरून परत फिरल्या, कारण खाली गाडी होती. चिखलदऱ्याला गेल्या आणि चिखलदऱ्याचा स्टँड बघून आल्या. तिथे दरी आहे, धुकं असतं, हे त्यांना शेजारणीने नंतर सांगितलं. लग्न, बारसं, यात्रा, काहीही असो, पानावरून उठून त्या चपला शोधत, कारण काका दारात उभे राहून रस्त्याकडे बघत असत. ते बोलत नसत, ओरडत तर कधीच नसत. नुसते उभे राहत, आणि त्यांच्या पाठीकडे बघूनच माणसाच्या घशात घास अडकायचा.

काका निवृत्त झाले, त्यालाही दहा-बारा वर्षं उलटली. त्यांचा मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला लागला आणि त्याने आईवडिलांना दहा दिवसांची सहल भेट दिली. दक्षिण इटली, जुनी शहरं, डोंगरमाथ्यावरची दगडी गावं. मला फोन करून म्हणाला, तुम्ही दोघं सोबत जा, बाबांना तुम्हीच सांभाळू शकता. आम्हालाही जायचंच होतं. आम्ही हो म्हणालो.

निघण्याच्या आठवड्यात काकू आमच्या घरी आल्या. बायकोने चहा ठेवला. काकूंनी माहितीपुस्तक आणलं होतं, त्यात एका गावाचा फोटो होता. डोंगराच्या टोकावर घरं एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी, आणि सगळ्यात वर एक छोटं चर्च. काकूंनी त्या चर्चवर बोट ठेवलं.

“मास्तर, मले एक गाव वरपर्यंत पाहायचं हाय. एकच. शेवटच्या पायरीपर्यंत. त्याइले सांगू नका.”

मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. नाटकी स्वभाव, वचनं देताना मी फार चांगला दिसतो. ते पाळायचं कसं, ही काळजी मला त्या रात्रीपासून लागली ती लागलीच.

विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं, तर आम्ही आदल्या दिवशीच नागपुरात. विमानतळावर काका बंद काउंटरसमोर पहिले उभे. दोघांचे पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यात, त्यावर बनियन, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर. दर वेळी पासपोर्ट दाखवताना काका जवळजवळ उघडे होत. आमची टूर मॅनेजर पुण्याची एक तिशीतली हुशार बाई होती. अकरा जोडप्यांना ती जोड्यांनीच मोजायची, ‘काका, काकू आहेत?’ असं विचारून. ‘आहेत’ म्हटलं की पुढची जोडी. तिसऱ्या दिवसापर्यंत ती मला हळूच विचारायला लागली की तुमच्या काकांना काही औषध चालू आहे का.

इटलीतली गाडी पाहून मात्र काका खूश झाले. पांढरी, उंच, दोन दारांची, काचा काळ्या. त्यांनी एक फेरी मारली, प्रत्येक टायरवर तळहात मारला आणि मागच्या डाव्या टायरपाशी थांबून मान हलवली. ड्रायव्हर जाडजूड, मिश्यांचा माणूस होता. तो वाकला, त्याने पाहिलं, आणि त्यानेही मान हलवली. दुसऱ्या दिवशी टायर बदललेलं होतं. तेव्हापासून दोघांचं जमलं. भाषा एक नाही, पण काका त्याला मूठभर शेंगदाणे देत, तो त्यांना कडू कॉफी देई, आणि दोघं बॉनेटला टेकून रस्त्याकडे बघत उभे राहत. काका बायकोशेजारी बसलेच नाहीत. त्यांची जागा सगळ्यात पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला. वळणावर ड्रायव्हरच्या आधी यांचा पाय दाबला जायचा.

तिकडची गावं अशी, की गाडी खालीच थांबते. वर फक्त पायऱ्या आणि बोळ. मॅनेजर दोन तास देई. पहिल्या गावी काका वाहनतळाच्या कठड्यावर बसले आणि काकू त्यांच्या शेजारी. मी म्हटलं, काकूंना जरा वर नेतो. काका म्हणाले, न्या, वळणापर्यंत न्या. वळणावर पोचलो तोच मागून हाक आली. दुसऱ्या गावी माझ्या बायकोने गुडघेदुखीचं सोंग करून काकूंचा हात धरून ठेवला, आणि कारंज्यापर्यंत मजल गेली. तिथे काकांचा फोन आला की ड्रायव्हर गाडीत बसला आहे. तो जेवायला बसला होता. तिसऱ्या गावी तर काकू स्वतःच अर्ध्यातून फिरल्या. म्हणाल्या, “जाऊ द्या. त्याइचा जीव खाली टांगला हाय, मले वर दिसत नाही काही.”

खरी गोष्ट सांगतो, तोवर मलाही काही दिसेनासं झालं होतं. आठशे वर्षांचं दार समोर, त्यावर कोरलेले सिंह, आणि मी मनगटावरचं घड्याळ बघतोय. काळजी सर्दीसारखी असते, शेजारी बसलं की लागते. तिसऱ्या गावापर्यंत अख्ख्या बसला ती लागली. वर्ध्याचे डॉक्टर आइस्क्रीम हातात घेऊन पळत यायचे. दिलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी सगळे आपापल्या जागेवर.

चौथं गाव शेवटचं. पुस्तकातल्या फोटोतलं ते हेच. गाडी थांबली, मॅनेजरने सांगितलं, चार वाजता परत या. मी काकूंकडे पाहिलं. त्या खिडकीशी बसल्या होत्या, शाल अंगाभोवती घेऊन. म्हणाल्या, पाय फार दुखतात, मी गाडीतच बसते, तुम्ही जाऊन या. काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला त्यांचा राग आला. मी आणि बायको वर गेलो. अर्ध्यावरच खाली उतरलो, कारण वचन मोडलं होतं आणि ते चर्च मला बघवत नव्हतं.

खाली काका गाडीच्या पुढच्या दाराशी पहारा देत होते. काळ्या काचेतून खिडकीपाशी काकूंची शाल दिसत होती, मान कलती, झोपल्यासारखी. काकांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.

आता एसटीचा एक कायदा सांगतो, जो कुठल्याही पुस्तकात नाही. खिडकीतून रुमाल टाकला की ती जागा भरली. भांडण कंट्रोलरकडे गेलं की काका सांगत, रुमाल आहे म्हणजे माणूस आहे, पुढे बोलू नका. तीस वर्षांत त्यांनी या कायद्यावर किती भांडणं मिटवली असतील. आणि पंचेचाळीस वर्षं ज्या बाईने हा कायदा घरात ऐकला, तिने त्या दुपारी कापडी पिशवी सीटवर उभी केली, तिच्यावर शाल नीट पांघरली, आणि काका पुढे टायरवर तळहात मारत असताना मधल्या दाराने उतरून वर निघून गेली. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं; आम्ही एका बोळाने उतरलो आणि त्या दुसऱ्याने चढल्या.

साडेतीनच्या आधीच सगळे गोळा झाले. मॅनेजर खूश. म्हणाली, सगळे आहोतच तर निघू या, घाटात गर्दी कमी मिळेल. तिने जोड्या मोजल्या. “काका, काकू आहेत?”

“हायेत. झोपल्या. उठवू नका.”

काकांनी ड्रायव्हरला हात दाखवला आणि गाडी निघाली.

घाट उतरत होतो. रस्ता अरुंद, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. चौथ्या-पाचव्या वळणावर गाडी कलली आणि काकूंची शाल सीटवरून घसरून पायाशी पडली. मागे नुसती पिशवी. पिशवीच्या तोंडातून चिवड्याचं पुडकं डोकावत होतं. माझ्या बायकोने माझा दंड इतक्या जोरात धरला की निळा डाग आठवडाभर होता.

मी पुढे जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी वळून मागे पाहिलं. शाल, पिशवी, रिकामी जागा, पुन्हा शाल. मी काकूंना फोन लावला, तो पिशवीतच वाजला. पासपोर्ट काकांच्या कमरेला. इटालियन भाषा काकूंना येत नाही, हिंदीदेखील अडखळत. माझ्या डोळ्यासमोर एकेक चित्र यायला लागलं: पायरीवरून घसरलेल्या काकू, रिकाम्या वाहनतळावर उभ्या काकू, पोलिसासमोर वऱ्हाडीतून रडणाऱ्या काकू. गोष्टी रंगवायची सवय वाईट, ती नको तेव्हाही काम करते.

मॅनेजर ड्रायव्हरला इंग्रजीत सांगत होती, इथे गाडी वळेल का, तुमचे ड्युटीचे तास किती उरले. ड्रायव्हर तिच्याकडे बघतच नव्हता, तो काकांच्या तोंडाकडे बघत होता. पुढे ऑलिव्हच्या तेलाचा एक घाणा लागला. त्याच्या अंगणात त्याने गाडी घातली, एकदा मागे, एकदा पुढे, एक कुंडी फुटली, आणि गाडीचं तोंड डोंगराकडे झालं.

चढताना काका उभेच होते, पुढचा दांडा धरून. कोणी म्हणालं, बसा. ते बसले नाहीत. माझ्याकडे न बघता बोलले.

“मास्तर, म्या गाडी टायमाच्या आधी सोडली.”

मी म्हटलं, मोजणी मॅनेजरने केली होती.

“नाही. हात म्या दाखवला.” दांड्यावरची मूठ आवळून म्हणाले, “उशिरा सुटली तर लोक शिव्या देतात, माफ करतात. आधी सोडली त्या ड्रायव्हरले म्या एकदाही माफ केलं नाही. आपली चूक नसतानी माणूस मागं राह्यतो.”

वाहनतळ रिकामा होता. गाडी पुरती थांबायच्या आत काका उतरले आणि पायऱ्यांना लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण मला त्यांना गाठता येईना. प्रत्येक उघड्या दारात डोकावत होते, मागच्या बोळात वळून पुन्हा परत येत होते. आणि हाक मारत होते. आता हाकेचीही एक अडचण होती. काकांनी काकूंना जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. ते फक्त म्हणत, “अवं... अवं...” आणि त्या दगडी बोळातून तो स्टँडवरचा आवाज असा घुमत होता, की चार खिडक्या उघडून चार बायका बाहेर डोकावल्या. चारही चुकीच्या.

मी धापा टाकत म्हटलं, काका, नाव घ्या ना त्यांचं.

ते कारंज्याला धरून उभे राहिले. चेहरा राखेसारखा झाला होता. मग त्यांनी काकूंचं नाव घेतलं. आधी नुसतं पुटपुटले, मग मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. मी त्यांच्या घरी चार वर्षं राहिलो, ते नाव मी पहिल्यांदा तिथे ऐकलं. ते इथे सांगणार नाही, ते सांगण्याचा अधिकार माझा नाही.

उत्तर आलं नाही. पुढे पायऱ्या आणखी उभ्या होत गेल्या. एका ठिकाणी काकांचा पाय सटकला, गुडघ्यावर पडले, स्वेटरमधून पासपोर्ट बाहेर आले. मी ते उचलले, त्यांना उचललं. त्यांनी कपडे झटकले नाहीत, माझा हात सोडवून वर निघाले. मला खरंच भीती वाटायला लागली होती, आणि आता ती काकूंसाठी नव्हती.

चर्चच्या खालच्या अंगाला, शेवटच्या वीसेक पायऱ्यांच्या आधी, एका घरासमोर दगडी बाक होता. त्यावर काळ्या झग्यातली एक म्हातारी बसली होती आणि तिच्या शेजारी काकू. दोघींच्या मांडीवर मिळून एक परात होती, परातीत मसूर. दोघी निवडत होत्या. म्हातारी आपल्या भाषेत काही सांगत होती, काकू “हो ना माय” म्हणत होत्या आणि खडे बाजूला काढत होत्या. समोर सगळी दरी, दरीपलीकडे डोंगर, आणि अगदी टोकाला समुद्राची एक चकचकीत रेघ.

काका समोर जाऊन उभे राहिले. गुडघ्यावर पँट फाटलेली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. काकूंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, मग मागे माझ्याकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. चार वाजायला सहा मिनिटं होती. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा, आणि एका परक्या बाईसमोर, काकू नवऱ्यावर खेकसल्या.

“इतक्या लवकर कायले आले? वरचं राह्यलं ना अजून माह्यं!”